निळ्या झाकणाची बरणी

"मॅडम, हा साप नाही. हा मासा आहे."

प्रणाली हे बोलली तेव्हा मी टेबलाच्या टोकाला उभा राहून वापरलेल्या स्लाइड पुसत होतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची झूलॉजीची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. लेखी भाग आटोपला होता आणि वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा सुरू होती. समोर दोन परीक्षक. एक आमच्याच कॉलेजचे निखिल सर आणि दुसऱ्या बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या एक्स्टर्नल मॅडम. मॅडमचा दरारा मोठा होता. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता.

"कोणता स्पॉट?" मॅडमनी विचारलं.

"सात नंबर. निळ्या झाकणाची बरणी."

निखिल सरांनी उत्तरांच्या यादीवर बोट ठेवलं. "सात नंबर सी स्नेक आहे, प्रणाली. समुद्री साप. क्लास रेप्टिलिया. तू ईल मासा लिहिलायस, क्लास पायसेस. प्राणी चुकला, वर्गही चुकला. दोन्ही मार्क गेले."

"पण सर, बरणीत वाम आहे."

निखिल सर मॅडमकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "रिपीटर आहे मॅडम. गेल्या वर्षीपण याच बरणीवरून वाद घातला होता. तेव्हाचे एक्स्टर्नल जाम भडकले होते. एका मार्काने राहिली."

माझ्या हातातली स्लाइड तशीच राहिली. कारण त्या बरणीत काय आहे हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं. एक प्रणालीला, कारण तिने नीट बघितलं होतं. दुसरं मला, कारण ती वाम मीच बरणीत घातली होती.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात बायॉलॉजीच्या लॅबचा असिस्टंट होतो. एकतीस वर्षं. एका भिंतीला बॉटनीची कपाटं, समोरच्या भिंतीला झूलॉजीची. मधे मी. सकाळी बॉटनीसाठी जास्वंदीची फुलं आणायची, कांदे पाण्यावर ठेवून त्यांना मुळं फुटतील असं बघायचं, मक्याचं आणि घेवड्याचं रोप कुंडीत तयार ठेवायचं. मक्याच्या पानाच्या शिरा सरळ जातात, घेवड्याच्या जाळीसारख्या पसरतात, म्हणून एक एकदल आणि दुसरं द्विदल, हे मुलांना पान हातात दिलं की कळतं. ताज्या पानाबाबतीत फारसं कोणी चुकत नाही.

झूलॉजीची गोष्ट वेगळी. तिथे सगळा कारभार बरण्यांचा. स्पंज, जेलीफिश, गांडूळ, खेकडा, स्टारफिश, मासे, बेडूक, साप, वटवाघूळ. पाठीचा कणा नसलेल्यांपासून असलेल्यांपर्यंत सगळं प्राण्यांचं खानदान ओळीने मांडलेलं. प्राणी कुजू नये म्हणून बरणीत फॉर्मॅलिन नावाचं औषध घालतात. झाकण उघडलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. मेलेल्या प्राण्यांसाठी कोणी इतकं रडत नसेल, इतका मी नोकरीत रडलो.

आता स्पॉटिंग. परीक्षेत दहा नमुने मांडतात. नावाची पट्टी झाकतात, नुसता नंबर ठेवतात. मुलांनी एकेका नमुन्यासमोर मिनिटभर उभं राहायचं आणि प्राण्याचं नाव व वर्गीकरण लिहायचं. हात लावायचा नाही. घंटा वाजली की पुढे सरकायचं.

यात कल्पना अशी की मूल प्राण्याकडे बघेल. मुलं बघतात बरणीकडे! ही आमच्याकडची जुनी चाल. सीनियर मुलं ज्युनियरना परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लॅबमध्ये घेऊन येतात आणि सांगून ठेवतात, "लाल झाकण, कोपरा तुटलेला, तो जेलीफिश. काचेला तडा गेलाय ना, ती स्टारफिश. निळं झाकण म्हणजे सी स्नेक. डोळे झाकून लिही." बॅचमागून बॅच अशी पास झाली. मला ठाऊक होतं. मला गंमतही वाटायची, आणि सोयीचंही होतं, कारण मग कोणी बरणीच्या आत फार निरखून बघत नसे. मी ज्या कारणासाठी हे सोयीचं म्हणतोय ते आता सांगतो.

अठरा वर्षांपूर्वी सुट्टीत कपाट पुसताना समुद्री सापाची बरणी माझ्या हातातून सटकली. काच फुटली, फॉर्मॅलिन फरशीभर झालं आणि जुनाट झालेला साप तीन ठिकाणी तुटला. बारा-तेरा वर्षं होऊनही माझी नोकरी तेव्हा पक्की झालेली नव्हती. त्या वेळचे हेड कडक होते. लॅबच्या प्रत्येक वस्तूची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला असते. टेबलं, खुर्च्या, मायक्रोस्कोप, आणि बरण्याही. काही फुटलं तर लिहून द्यावं लागतं. मला लिहून द्यायची हिंमत झाली नाही. एवढंच कारण. बाकी सगळी सारवासारव.

उल्हासनगरातल्याच कॅम्प दोनमधल्या सिंधी दुकानदाराकडून बिस्किटं ठेवायची तशीच एक बरणी आणली. "साईं, झाकण निळंच हवं," म्हणून अडून बसलो. अंबरनाथ पूर्वेच्या मासळी बाजारातून एक पोरगेली वाम घेतली. वाम म्हणजे ईल. लांबलचक, गुळगुळीत, सापासारखी दिसणारी, पण मासा. मासा का, तर ती पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेते आणि तिला पर, म्हणजे फिन असतात. समुद्री साप पाण्यात राहत असला तरी त्याला फुप्फुसं असतात आणि श्वास घ्यायला त्याला वर यावं लागतं. म्हणून तो सरड्या-कासवांच्या घरातला. दिसायला भाऊ, नात्याने परके.

तर त्या वामच्या पाठीवरचा लांब पर मी कात्रीने छाटला. पोटात सुईने फॉर्मॅलिन भरलं, नाहीतर आतून कुजते. काचेच्या पट्टीवर वेटोळं करून पांढऱ्या दोऱ्याने बांधली. छातीजवळचा पर दोऱ्याखाली दाबला, डोकं आत वळवलं, शेपूट मागे लपवलं, कारण समुद्री सापाचं शेपूट वल्ह्यासारखं चपटं असतं आणि हिचं तसं नव्हतं. काम इतकं सफाईदार झालं की मलाच माझं कौतुक वाटलं. आज ते आठवून लाज वाटते.

नवा नमुना मागवू आणि गुपचूप बदलू, असं मी ठरवलं होतं. पुढे असे प्राणी विकत मिळणंच बंद झालं. अंगावरचे रंग फॉर्मॅलिनने उडतातच, त्यामुळे पट्टे कुठे गेले हेही कोणी विचारलं नाही. माझी नोकरी पक्की झाली, हेड रिटायर झाले. बरणी तिथेच राहिली.

आणि आता ही मुलगी तिच्यासमोर उभी राहून खरं बोलत होती आणि त्यासाठी दुसऱ्यांदा नापास होत होती.

प्रणालीची थोडी माहिती मला होती. सोनिवलीजवळच्या आगरी घरातली. आई वनिताबाई अंबरनाथ पूर्वेला मासे विकायला बसते. ही सकाळी आईबरोबर बाजार लावून मग कॉलेजला येई. त्यामुळे पहिल्या तासाला कायम उशीर, जर्नल अर्धवट. जर्नलचे मार्क म्हणूनच कमी पडले होते आणि रिपीटरला आमच्याकडे ते जुनेच मार्क धरत. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये तिला ट्रेनी म्हणून घेणार होते. गेल्या वर्षी डिग्री अडकली आणि ती जागा गेली. याही वर्षी त्यांनी सांगून ठेवलं होतं की रिझल्ट घेऊन या, मग बघू. हे मला तिनेच सांगितलं होतं, बेसिनपाशी हात धुताना. गेल्या वर्षीच्या वायवाला मी खोलीत नव्हतो, आणि नापास कशात झालीस, हे मी विचारलंही नव्हतं. विचारायला हवं होतं.

मॅडम तिला विचारत होत्या, "तू कशावरून म्हणतेस मासा?"

"मॅडम, मागच्या बाजूने बघा. जिथे मान वळलीय तिथे कल्ल्याची चीर दिसते. आणि अंगाला खवलं नाहीत. सापाला खवलं असतात. वामला नसतात."

"उलट बोलतेयस तू," निखिल सर म्हणाले. "खवलं माशाला असतात."

"बऱ्याच माशांना असतात सर. वामला नसतात. मी साफ करते ना रोज."

"प्रणाली, पुरे. पुढच्या मुलीला पाठव."

ती उठली. रडली वगैरे नाही. ओढणीने नाक पुसलं आणि दाराकडे निघाली.

मला रिटायर व्हायला सात महिने राहिले होते. गप्प बसलो असतो तर काहीही झालं नसतं. हा हिशेब माझ्या डोक्यात आला, खोटं कशाला बोलू. अगदी स्पष्ट आला. पण ती दारापाशी पोचेपर्यंत माझ्या तोंडून निघून गेलं होतं.

"मॅडम, बरणी उघडू का?"

"आत्ता? परीक्षा चालू आहे," मॅडम म्हणाल्या.

"म्हणूनच विचारतोय."

निखिल सर वैतागले. "काका, तुम्ही मधे पडू नका ना प्लीज."

"सर, दोन मिनिटं. मग मला काय बोलायचं ते बोला."

मॅडमनी मान हलवली. मी हातमोजे घातले, खिडक्या उघडल्या आणि निळं झाकण फिरवलं. घट्ट बसलं होतं. काचेची पट्टी चिमट्याने वर काढून ट्रेमध्ये ठेवली आणि ब्लेडने दोरा कापला. अठरा वर्षं दाबून ठेवलेला छातीचा पर चुरगळलेला का होईना, पण बाहेर आला. मी चिमट्याच्या टोकाने त्याच्याच पुढची चीर उघडून दाखवली. आत कल्ले होते.

मॅडम उठून जवळ आल्या. भिंग घेऊन डोक्यापासून शेपटापर्यंत बघितलं. मग पाठीवर बोट ठेवून थांबल्या. "इथला फिन कोणीतरी कापलाय."

"मी," मी म्हणालो.

मी सगळं सांगितलं. बरणी फुटली तिथपासून कात्रीपर्यंत. उभ्यानेच सांगितलं, कारण बसायला कोणी सांगितलं नाही आणि मलाही बसवलं नसतं.

निखिल सर खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "काका, मी याच कॉलेजात शिकलो. याच बरणीवर. मला कोणीतरी सांगितलं होतं, निळं झाकण सी स्नेक. मी तेच लिहून पास झालो." ट्रेमधल्या वामकडे बघत ते म्हणाले, "आणि तेच शिकवत आलो. ही मुलगी गेल्या वर्षी माझ्यासमोर हेच बोलली. मी बरणी फिरवूनसुद्धा बघितली नाही."

ते चांगले शिक्षक आहेत. आळशी तर अजिबात नाहीत. पण ज्या बरणीने माणूस स्वतः पास झाला, तिच्यावर तो कशाला शंका घेईल?

मॅडमनी मला झापलं. ते इथे लिहीत नाही, सगळं रास्त होतं. मग त्यांनी पेपरांचा गठ्ठा ओढला. सात नंबरला सगळ्या मुलांनी सी स्नेक लिहिलं होतं. एकटी प्रणाली सोडून सगळ्यांनी.

"स्पॉट रद्द," मॅडम म्हणाल्या. "नमुनाच फसवा होता. सगळ्यांना पूर्ण दोन मार्क."

प्रणाली अजून दारातच उभी होती. "मॅडम, म्हणजे साप लिहिलेल्यांनापण दोन आणि मलापण दोन?"

"हो. त्यांची काय चूक?"

"चूक नाही मॅडम, पण..." पुढे तिला बोलता येईना.

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग तिचा पेपर वेगळा काढून सात नंबरवर लाल पेनाने ठसठशीत टिक मारली आणि तो तिच्यासमोर धरला. "बाकीच्यांना नुसते मार्क दिलेत. टिक एकटीला. बरं?"

तेव्हा मात्र ती रडली. आणि मॅडमनी मला चहा आणायला पाठवलं.

प्रणाली पास झाली. कंपनीच्या लॅबमध्ये लागलीही. पण जाण्याआधी तिने आमचं एक काम केलं. मॅडम निघताना म्हणाल्या होत्या, "अशा आणखी किती बरण्या आहेत?" मी छातीठोकपणे सांगितलं, "माझी एकच." निखिल सर म्हणाले, "तरी सगळ्या बघू." सुट्टीत आम्ही तिघं बसलो आणि एकेक बरणी उघडली. आणखी तीन चुकीच्या निघाल्या. त्या माझ्या नव्हत्या, माझ्या आधीच्या कोणाच्या तरी होत्या. एक तर बॉटनीच्या कपाटात होती. पट्टीवर समुद्री वनस्पती असं लिहिलेलं आणि आत सी फॅन, म्हणजे पोवळ्याच्या जातीचा प्राणी. फांद्या दिसल्या म्हणून कोणीतरी त्याला झाड ठरवून टाकलं होतं. तेव्हा मला जरा बरं वाटलं. लगेच वाईटही वाटलं.

त्या दिवसांत मी तिला विचारलं, "अगं, सरांना काय उत्तर हवंय ते तुला गेल्या वर्षीच कळलं होतं. या वर्षी सी स्नेक लिहून मोकळी का नाही झालीस?"

"लिहिणारच होते काका. स सुद्धा काढला होता." ती हसली. "पण आमची निम्मी गिऱ्हाईकं वाम बघून म्हणतात, ई, साप! आई दिवसभर घसा फोडून सांगते, बाई, मासा हाय, मासा हाय. तिकडे आई असं ओरडणार आणि इकडे मी पेपरात साप लिहिणार? ते जमेना मला."

मला राहवलं नाही. एका सकाळी मी अंबरनाथ पूर्वेला बाजारात गेलो आणि वनिताबाईंना गाठलं. त्या कोयत्यावर सुरमई कापत होत्या. मी कोण ते सांगितलं. प्रणालीने घरी सगळं सांगितलेलंच होतं.

"माझ्यामुळे तिचं वर्ष गेलं," मी म्हणालो. "माफी मागायला आलोय."

त्यांनी हातातला तुकडा बाजूला ठेवला. "भाऊ, एक सांगा. तुमी बोलला नसता त कोनाला कललं असता?"

"कोणालाच नाही."

"मंग गेल्या वर्साला का नाय बोलला?"

"मला माहीत नव्हतं, ती त्याच बरणीमुळे नापास झाली ते."

"बाटली तुमची, आन तुमालाच म्हाईत नाय?"

त्या रागाने बोलल्या नाहीत, खरोखर विचारत होत्या. त्याचाच जास्त त्रास झाला. मी उभा राहिलो तसाच. मग त्यांनी शेजारच्या बाईला सांगून माझ्यासाठी चहा मागवला आणि बसायला उपडी पाटी पुढे सारली. चहा पिईपर्यंत त्यांनी मला लेकीच्या नोकरीचं सगळं सांगितलं. लॅबमध्ये पांढरा कोट घालते, म्हणाल्या. फोटो दाखवला. मी चिखलोलीला घरी परत येईपर्यंत तो फोटो डोळ्यांसमोर होता.

माझ्यावर कारवाई झाली ती फार मोठी नाही. प्रिन्सिपॉल सरांनी बोलावून घेतलं, दहा मिनिटं ऐकवलं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून मेमो आला. तीन ओळींचा. "संग्रहातील नमुना बदलल्याची नोंद रजिस्टरला न केल्याबद्दल आपणांस समज देण्यात येत आहे." खाली सहीची जागा. मी दोनदा वाचला. त्यात बरणी होती, नमुना होता, रजिस्टर होतं. मुलगी कुठेच नव्हती.

मी पेन काढलं आणि त्या तीन ओळींच्या खाली लिहिलं, "यामुळे प्रणाली या विद्यार्थिनीचे एक वर्ष वाया गेले." मग सही केली, तारीख घातली आणि कागद परत दिला.

ऑफिसातला क्लार्क चांगला मुलगा आहे. तो घाबरला. "काका, हे कशाला लिहिलंत? एवढं कोणी मागितलंय का? आता हे तुमच्या सर्व्हिस फाइलला कायम राहणार."

"राहू दे," मी म्हटलं. "नोंद केली नाही म्हणूनच मेमो आलाय ना?"